मोबाइल चोरीला गेला आणि हातात दाखला मिळाला 'गहाळ'चा

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कराडच्या गाडीत चढताना गर्दीत तुझ्या खिशातला मोबाइल मारला. गावाकडच्या ठाण्यात "हद्द आमची नाही" म्हणाले आणि शेवटी फोन गहाळ झाल्याचा अर्ज शिक्का मारून हातात दिला. आता काय करू, असं तू विचारतोयस.

त्या कागदावर समाधान मानू नकोस. वस्तू गहाळ होणं हा गुन्हा नाही, त्यामुळे त्यावर चोराचा तपास होत नाही. चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालचा गुन्हा आहे. वस्तू ५,००० रुपयांच्या आतली असेल तर तो अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुझा फोन १८,००० चा आहे, तेव्हा बिल जोड आणि अर्जात किंमत लिही. 'हरवला' हा शब्द कुठेही नको. कुठे, किती वाजता, कसा काढून घेतला ते लिही.

हद्दीचं कारण तर अजिबात चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ते शून्य क्रमांकाने नोंदवतात आणि साताऱ्याला वर्ग करतात. दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलंय. नव्या कायद्यात डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे खरी, पण तक्रारदाराला दारातून परत पाठवायची नाही. सही करण्याआधी एफआयआर नीट वाच. तिची प्रत तुला फुकट मिळते, मागून घे.

तरीही नकार दिला तर भांडत बसू नकोस. तोच मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव. तिथूनही काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन कर. मुली, अठराच्या आतले आणि अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. कॉलेजच्या पोरांना हे कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

'गहाळ'चा कागद मात्र फेकू नकोस. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) ब्लॉक करताना तो जोडता येतो. सिम आणि यूपीआय अजून चालू असतील तर वरचं सगळं उद्या, ते दोन्ही आत्ताच बंद कर.