हात आधी, ठोका नंतर

प्रश्न : खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या २००४-०५ मधल्या मिनीडीव्ही कॅसेट तालमीत पडून होत्या. कॅमेऱ्याची पिवळी-पांढरी-लाल वायर यूएसबी कॅप्चर स्टिकला लावून त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. सुरुवातीला सगळं जुळतं, पण पाऊण तासानं हलगीवाल्याचा हात आधी पडतो आणि ठोका मागून येतो. एका कॅसेटमध्ये तर निवेदकाचा आवाज मध्येच चिरका होतो. काय करावे?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : हे दोन वेगवेगळे दोष आहेत.

ठोका मागे पडतो तो स्टिकमुळे. तिच्यात चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी येतात, दोघांची घड्याळंही वेगळी. क्षणाला न जाणवणारा फरक पाऊण तासात साठत जातो. मुळात कॅसेटवर सगळं डिजिटलच आहे. ते ॲनालॉग करून पुन्हा डिजिटल करण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला? कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं चार पिनांचं बारीक सॉकेट शोधा. तिथून फायरवायर केबलनं (डिजिटल माल आहे तसाच नेणारी केबल) घेतलं की चित्र-आवाज एकाच प्रवाहात येतात. डेस्कटॉपला पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड लागेल. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी अशी नुसती केबल विकतात, तिच्यावर पैसे घालवू नका. दोन्हींची भाषाच वेगळी आहे. केबल लावताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. विंडोज १० ला कॅमेरा दिसलाच नाही, तर १३९४ कंट्रोलरचा (फायरवायरचंच दुसरं नाव) ‘लेगसी’, म्हणजे जुना ड्रायव्हर टाकून पाहा.

तासाच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागते. डिस्कचा फॉरमॅट (फाइली साठवण्याची पद्धत) एनटीएफएस हवा. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटवर फाइल ४ जीबीला, म्हणजे विसेक मिनिटांत अडते. कॅप्चर चालू असताना ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा, म्हणजे गळलेल्या चित्रांचा आकडा शून्यच राहिला पाहिजे. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम. २५ गळल्या की आवाज एका सेकंदानं चुकू शकतो. अँटिव्हायरसची तपासणी तेवढा वेळ थांबवा.

आता चिरका आवाज. या कॅमेऱ्यांत आवाजाच्या दोन रीती असतात : १२ बिट, ३२,००० हर्ट्झ आणि १६ बिट, ४८,००० हर्ट्झ. एकाच कॅसेटवर दोन्ही असतील, तर काही प्रोग्रॅम पहिल्या तुकड्याचीच रीत शेवटपर्यंत धरून बसतात. ३२,००० चा आवाज ४८,००० समजून वाजवला की दीडपट वेगानं पळतो. फायरवायरनं घेतानाही हे होऊ शकतं. कॅसेट आधी पाहून घ्या, रीत बदलते तिथे कॅप्चर थांबवा आणि पुढचा भाग नव्या फाइलमध्ये घ्या.

आधीच घेतलेल्या फाइली टाकून देऊ नका. फरक सारख्या गतीनं वाढत असेल तर आवाज वेगळा काढून लांबी मोजा. चित्र ३,६०० सेकंदांचं आणि आवाज ३,६०१.२ सेकंदांचा निघाला, तर ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये वेग ०.०३३ टक्क्यांनी वाढवला की जुळतो. फरक झटक्यानं पडत असेल तर फ्रेम गळल्या आहेत. मग पुन्हा कॅप्चर केल्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना चित्रात चौकोन दिसतात आणि आवाज तुटतो. केबल बदलावी का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तोच दोष कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरही दिसत असेल तर केबलचा संबंध नाही, कॅमेऱ्यातलं फीत वाचणारं हेड मळलंय. कोरडी क्लीनिंग कॅसेट पाकिटावर दिलेल्या सेकंदांपुरतीच चालवा. जास्त चालवली तर हेड झिजतं. मग तुमची चित्रणाची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा. एलपी मोडमध्ये (लाँग प्ले, म्हणजे फीत हळू फिरवून जास्त वेळ) घेतलेली कॅसेट मात्र शक्यतो ज्या कॅमेऱ्यानं घेतली त्याच्यावरच चालवा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालूच नका.