ओठावरची जखम महिना झाला बरी होत नाही, घरचे उष्णता म्हणतात, काय लावू?

महिना झाला म्हणताय आणि अजून काय लावू विचारताय? लावणं बंद करा आणि दाखवून या. खरं तर एवढंच उत्तर आहे, पण ते उष्णतेचं वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरात याच उष्णतेवर चार महिने गेले.

आमचे आप्पा गवंडी. सोलापूरचं ऊन, मे महिन्यात ४३-४४ ला टेकतं, त्यात दिवसभर स्लॅबवर उभं आणि खालच्या ओठात तंबाखू-चुन्याचा बार, तीस वर्षं, तोही एकाच बाजूला. बरोबर तिथंच खपली धरली. निघायची, जरा रक्त यायचं, परत धरायची. दुखत नव्हतं म्हणून तर कुणी मनावर घेतलं नाही. आईनं तूप लावलं, बेंबीत तेल घालून झालं, मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली तिनं आठ दिवस लाली गेली, सगळे खूश. नंतर कळलं त्यात स्टिरॉइड होतं, वरून झाकलं आणि आत तसंच. गणपतीत सुरू झालेलं, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आली तरी हाय तिथंच.

कॅन्सर तर नाही ना, म्हणून मी ओठाचा तुकडा काढून तपासू म्हटलं की आमचे दाजी आडवे. "सुरी लागली की पसरतं, आमच्या गल्लीतला एक जण तुकडा काढला आणि सहा महिन्यात गेला." ओ दाजी, तो तुकड्यानं नाही गेला, दवाखान्यात उशिरा गेला म्हणून गेला! तपासायला तुकडा काढल्यानं ओठावरचा कॅन्सर पसरत नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं तरी पटलं नाही. शेवटी मीच आप्पांना गाडीवर बसवून नेलं. बधिर करायचं इंजेक्शन, डाळीएवढा तुकडा, दोन टाके, संध्याकाळी आप्पा ताकभात खाऊन घोरत होते.

रिपोर्ट आला, कॅन्सर नाही पण पेशी बिघडलेल्या, सोडलं असतं तर पुढं होऊ शकला असता. मग तेवढा भाग काढून टाकला. तंबाखू सुटली (सुटली म्हणतात, परवा शर्टात चुन्याची डबी सापडली, मी काय बोललो नाही). आणि दाजी अजून दर दिवाळीला, "बघ, कॅन्सर नव्हताच, उगं म्हाताऱ्याचा ओठ कापलास." नव्हता म्हणूनच एवढ्यात भागलं की!

तुमचं म्हणाल तर, आधी चुरचुरून घोळक्यानं बारीक फोड येतात ते हर्पिस, ते साधारण दहा-पंधरा दिवसात जातं, महिनाभर सहसा राहत नाही. कोपरा चिरला असेल तर लाळ, बुरशी, लोह नाहीतर बी जीवनसत्त्व कमी, शुगरही बघून घ्या. ओठ चाटू नका, खपली ओढू नका, तोवर लावायचंच तर फक्त साधं व्हॅसलिन, आणि शेंगाचटणी-कडक भाकरी थोडे दिवस लांब. दाताचा किंवा स्किनचा डॉक्टर, कुणीही चालेल, पण कड टणक लागत असेल किंवा जबड्याखाली गाठ असेल तर उद्याच जा.

मी काही डॉक्टर नाही, आणि बहुतेकांचं साधंच निघतं, घाबरू नका. आणि दाजी, वाचत असाल तर रिपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात आहे, चष्मा घेऊन या.