पायरीचे लाकडी स्टूल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: परसातला फणस मे महिन्यात तोडून गिरणीवर इंचभर जाडीच्या फळ्या काढून घेतल्या आहेत. माळ्यावरच्या बरण्या काढण्यासाठी त्यांचे स्टूल गणपतीपूर्वी करता येईल का? (वाचक, देवगड)

उत्तर: लाकूड उत्तम आहे, घाई मात्र नको. उघड्या हवेत इंचभर जाडीची फळी वाळायला साधारण वर्ष लागते, असा सुतारांचा ठोकताळा आहे, आणि तुमच्या फळ्यांच्या वाट्याला तर पहिल्याप्रथम कोकणातला पावसाळाच आला आहे. ओल्या फळीचे स्टूल आज घट्ट वाटले तरी जानेवारीपर्यंत फळ्या आकसून सांधे सैल होतात. फळ्या पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच, प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात आणि टोकांना ऑइलपेंट फासावा, कारण लाकडातला ओलावा टोकांतून सर्वांत वेगाने निघतो आणि तिथेच भेगा पडतात. पावसाळा संपल्यावर एका फळीचे दर आठवड्याला वजन करावे, आणि ते कमी होणे थांबले की सुताराला बोलवावे किंवा स्वतः करवत घ्यावी. फणसाचा पिवळा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण कडेचा फिकट भाग किडीला लवकर बळी पडतो; तो काढून टाकावा, फळी अरुंद झाली तरी चालेल.

प्रश्न: सागाचे स्टूल खिळे ठोकून केले होते. दोन पावसाळ्यांत ते हलू लागले आणि खिळ्यांभोवती काळे डाग पडले. लाकूड खराब होते का? (वाचक, गुहागर)

उत्तर: दोष लाकडाचा नाही. सागातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची ओलाव्यात लोखंडाशी प्रक्रिया होऊन काळे डाग पडतात आणि खाऱ्या हवेत खिळाही गंजत जातो. घरात वापरायच्या स्टुलाला ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू पुरतात. समुद्राकडे उघड्या असलेल्या ओटीवर ते राहणार असेल, तर ३१६ प्रतीचे घ्यावेत. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी भोक पाडून त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी, मग पितळी बसवावा.

हलण्याचे कारण निराळे आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. बाजूच्या फळीचे तंतू उभे असतात, त्यामुळे वरून ठोकलेला खिळा त्या फळीच्या टोकात, तंतूंच्या दिशेनेच शिरतो आणि त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. याऐवजी दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून, वरच्या कडेशी एकेक पट्टी लावावी आणि वरची फळी खालून त्या पट्टीतून स्क्रूने आवळावी. लाकूड रुंदीत फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून पट्टीचे मधले भोक नेमके ठेवून टोकांकडची भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करावीत आणि तिथे सरस लावू नये. बाजूंना जोडणारी खालची आडवी पट्टी मात्र टोकांना कुसू (भोकात बसणारी जीभ) करून बाजूच्या फळ्यांतून आरपार काढावी आणि बाहेरच्या टोकात पाचर मारावी. पाचरेची रुंदी बाजूच्या उभ्या तंतूंना आडवी ठेवावी, नाहीतर फळी चिरते. ही आडवी पट्टी नसेल तर स्टूल कितीही जाड फळ्यांचे असले तरी डोलणारच.

प्रश्न: सत्तरी ओलांडलेल्या आईसाठी दोन पायऱ्यांचे स्टूल करायचे आहे. मापे काय ठेवावीत? (वाचक, अलिबाग)

उत्तर: राष्ट्रीय बांधकाम संहितेत निवासी जिन्याच्या पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी असे म्हटले आहे, तेच माप धरून पहिली पायरी १९ आणि दुसरी ३८ सेंटिमीटरवर घ्यावी. पायरीची खोली २५ सेंटिमीटर, निदान पूर्ण पाऊल मावेल इतकी, आणि रुंदी सुमारे ४० ठेवावी. पायरीची कड आधाराबाहेर दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा पुढे काढू नये, कारण कडेवर पाय पडताच स्टूल उलटते. आईंसाठी एका बाजूला कमरेइतक्या उंचीचा धरायचा दांडा बसवावा, तोही बाजूच्या फळीला खालपर्यंत जोडून, नुसता वर टेकवून नव्हे.

प्रश्न: काजूच्या टरफलांचे तेल फासले तर? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर: कीड-वाळवीपासून ते रक्षण करते, पण कच्चे तेल त्वचेला भाजते आणि स्टुलावर तर अनवाणी उभे राहायचे असते. त्यापेक्षा जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये, त्या आपोआप पेट घेऊ शकतात; उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

प्रश्न: तयार स्टूल एका पायावर डुगडुगते. तीन पायांचे केले असते तर? (वाचक, मालवण)

उत्तर: तीन पायांचे स्टूल डुगडुगत नाही हे खरे, पण चढणाऱ्याचा तोल दोन पायांच्या मधल्या कडेवर गेला की ते चटकन उलटते. तुमचे स्टूल ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून उचललेल्या पायाखाली कागदाच्या घड्या घालाव्यात, मग एका लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांवर एकाच उंचीची रेघ ओढावी आणि रेघेपर्यंत कापावे.