चौथ्यांदा उलटलेली गाय: ठेवायची की काढायची?

प्रश्न: तिसऱ्या वेतातली संकरित गाय विऊन सात महिने झाले. चार वेळा रेतन केलं, चारही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. सध्या दिवसाला ९ लिटर दूध आहे. एवढा खर्च झाल्यावर काढवत नाही. शेवटचा प्रयत्न म्हणून सेक्स्ड सीमेन (कालवडीच जास्त व्हाव्यात म्हणून वेगळं केलेलं वीर्य) भरावं का?

उत्तर: झालेला खर्च आधी डोक्यातून काढा. गाय ठेवली काय, विकली काय, तो परत येत नाही.

चारा, खुराक, औषधं मिळून रोजचा खर्च ५ लिटर दुधाइतका धरू. म्हणजे रोज ४ लिटर हाती राहतात. आजच विकणं घाईचं. दूध महिन्याला ८ टक्क्यांनी उतरलं, तर सात महिन्यांनी ५ लिटरवर येईल. आज गाभण राहिली तर आटवायची वेळही तीच, कारण २८० दिवसांतले शेवटचे ६० दिवस भाकड. पण प्रत्येक हुकलेला माज विणं पुढे ढकलतो आणि भाकड काळ २१ दिवसांनी लांबवतो. भाकड गाईचं खाणं रोज ३ लिटरच्या किमतीचं धरा: एका माजाला ६३ लिटर, चार माजांना २५२. शिवाय रेतनाचा खर्च. तोटा आज दिसत नाही, शेपटाला येतो, म्हणूनच ‘अजून एकदा बघू’ म्हणवतं.

याच्यासमोर ठेवा नव्या गाभण कालवडीची किंमत वजा हिच्या विक्रीचे पैसे. हा फरक मोठा असेल तर एक-दोन माज थांबणं परवडतं. गोठ्यात जागा एकच आणि कालवड विण्याला टेकलेली असेल तर मात्र गणित फिरतं. मग हिच्या ४ लिटरची तुलना कालवडीमागे जे सुटेल त्याच्याशी.

त्याआधी नोंदवही उघडा. उलटण्यातलं अंतर १८ ते २४ दिवसांचं असेल तर रेतनाची वेळ तपासा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. अंतर ४० दिवसांच्या आसपास असेल तर मधला मुका (लक्षणं न दाखवणारा) माज हुकला किंवा गर्भ लवकर जिरला. सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ हवा. गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर रेतन नकोच. गर्भाशयाचा दाह आहे, आधी डॉक्टरांकडून उपचार.

तरीही नाही राहिली तर रेतन बंद. दूध खर्चाला टेकेपर्यंत पिळा, मग काढा.

सेक्स्ड सीमेन हिला नको. त्यात कालवडी होण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असलं तरी गाभण राहण्याचं प्रमाण साध्यापेक्षा कमी. ती मात्रा निरोगी कालवडीच्या पहिल्या रेतनाला वापरा.