तार लाल होते, जोड वरवरच बसतो

प्रश्न : ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. पाण्याने थंड होणारी मिग टॉर्च (तार आपोआप पुढे सोडणारी वेल्डिंगची टॉर्च) घेतली, तरी तार लाल होते, वेल्ड आत शिरत नाही. टॉर्च खराब आहे का? (वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : टॉर्चवर संशय नको. पाणी नोझल आणि टिप (जिच्या भोकातून तार बाहेर येते ती) थंड ठेवतं. टिपेबाहेरच्या तारेला त्याचा उपयोग नाही. ती स्वतःच्या रोधानेच तापते. टिपेबाहेर तारेची लांबी वाढली की ॲम्पिअर (करंट) पडतात, तार मात्र तेवढीच वितळून पत्र्यावर नुसती साचते. १.२ मिमी तारेला टिप ते काम अंतर १५ ते २० मिमी ठेवा. कोपऱ्यात हात मागे सरकतो, तिथेच जोड कच्चा राहतो. टिपेचं भोक लांबट झालं असेल तर आधी टिप बदला. उन्हाळ्यात टॉर्चच्या कूलरची पाण्याची टाकी सावलीत हवीच.