‘त्या शाळेत कसली कसली मुलं येतात, मॅडम’

दर वर्षी जून-जुलैत हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मुलाला पालिकेच्या शाळेत घालावं लागलंय, शाळेचा निकाल कमी आहे, तिथे सगळ्या थरांतली मुलं येतात, आमचं मूल मागे पडेल का? उत्तर म्हणून एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई परळच्या एका पोळी-भाजी केंद्रात पहाटे पाचपासून पोळ्या लाटतात. नवरा ड्रायव्हर, त्याची नोकरी गेली आणि लेकीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची फी थकली. शाळेने दाखला अडवून धरला, अख्खा महिना मुलगी घरीच बसली. शेवटी शेजारणीने धीर दिला म्हणून पालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला घातली. (हे पुष्कळांना ठाऊक नसतं म्हणून सांगते: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याला उशीर झाला, एवढ्यावरून पालिकेची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दाखल्याची वाट बघत मुलाला घरी ठेवू नका.)

“जुन्या शाळेत तिला ‘ए’ ग्रेड होती हो,” ताई म्हणाल्या. “इथे निम्म्या मुलांना धड मराठी येत नाही. कोणी भय्यांची, कोणी नाक्यावरच्या मजुरांची. त्यांच्यात राहून माझी मुलगी काय शिकणार?”

मी वाद घातला नाही. मुलीला जुनं इंग्रजी पुस्तक उघडायला सांगितलं. तिने पान घडाघडा म्हटलं, नजर मात्र खिडकीबाहेर. मग मी पानाच्या मधोमध एका शब्दावर बोट ठेवलं. ती गप्प. दुसऱ्या शब्दावर ठेवलं, तरी गप्प. ताईंचा चेहरा पडला, मलाही वाईट वाटलं. दोन वर्षं पोटाला चिमटा काढून भरलेल्या फीच्या बदल्यात लेकीचं पाठांतर झालं होतं, वाचन नाही. नंतर मराठीचं पहिलीचं पुस्तक पुढे ठेवलं. “पा… व… सा… ळा,” तिने एकेक अक्षर लावलं, क्षणभर थांबली आणि “पावसाळा!” म्हणून हसली. तिसरीतली मुलगी इतकीच वाचत होती, पण हे तिचं स्वतःचं वाचन होतं.

मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन मी एक सकाळ त्या वर्गात बसले. बाईंनी हजेरीपट दाखवला. पटावर तीस मुलं, त्यातल्या अकरा जणांच्या घरी मराठी नाही: भोजपुरी, तेलुगू, वडारी. पाच जण गेल्या वर्षी दिवाळीनंतर, अर्ध्या वर्षातून आलेले. वर्षअखेरीच्या निकालात ते पाचही जण धरले गेले. उलट, इथे वाचायला शिकलेली चार मुलं घरभाडं परवडेना म्हणून आईवडिलांसोबत विरार-बदलापूरला गेली. त्यांच्या वाचनाचं श्रेय आता तिकडच्या शाळेला. “आकडा बघून सगळे बोलतात,” बाई म्हणाल्या, “मूल कुठून निघालं होतं ते कोण बघतं?”

मला हे मनापासून पटतं. शाळेच्या सरासरी निकालात बाईंच्या शिकवण्याइतकंच, कधीकधी त्याहून जास्त, मुलांचं घर बोलत असतं. अमेरिकेत 1966 साली जेम्स कोलमन यांच्या गटाने लाखो विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून हेच मांडलं: मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जोडलेला असतो. सोबत कोण शिकतंय याचाही परिणाम होतो, हेही त्याच अहवालात होतं. म्हणून ताईंची भीती मी खोटी ठरवली नाही. पण परिणाम एकाच दिशेने होत नाही, ते त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलं.

मुलीशेजारी भाजीवाल्याचा मुलगा बसला होता. मराठीच्या तासाला तो ‘रिकामं’ या शब्दापाशी अडला. “रिकामं मतलब खाली. डबा खाली,” हिने डबा उघडून दाखवला. पुढच्या तासाला पन्नासातून अठरा वजा करायचे होते. ही हातच्यात अडकली, बोटं संपली. तो सुट्टे परत द्यावेत तसं पुटपुटला, “अठरा… दो, बीस. दस, तीस. और बीस, पचास. बत्तीस.” बाईंनी त्याला ते फळ्यावर मांडायला लावलं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्या दिवशी वजाबाकी त्याच्याकडून उचलली. वहीतला हातचा त्याला येत नाही, म्हणून लेखी चाचणीत त्याचे गुण कमी आणि निकालाच्या आकड्यात तो ‘मागे’.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टींची. वर्गाला स्वतःच्या बाई आहेत का, की दोन वर्ग एकत्र बसवतात? कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जाऊन हे विचारावं, तो तुमचा हक्क आहे. ज्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी राहते तिथे मी स्वतःच पालकांना सांगते की तुमची काळजी रास्त आहे.

ताई म्हणाल्या, “मी सातवी शिकलेली, तिचा अभ्यास कसा घेणार?” घेऊच नका म्हटलं. रात्री कणीक मळताना तिला मोठ्याने वाचायला लावा, पंधरा मिनिटं. चुकली तरी मध्ये बोलू नका. आणि गावी जायचं असेल तर शाळा बुडवून नको, गणपतीचे सुट्टीचे दिवस धरून जा.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. लेक आता परिच्छेद वाचते, जोडाक्षरांना अडखळते. पण फोन त्यासाठी नव्हता. भाजीवाला मुलाला गावाला पाठवायला निघाला होता, आणि ताई स्वतः त्याच्या गाडीपाशी जाऊन म्हणाल्या होत्या, वार्षिक परीक्षेपर्यंत थांबवा हो त्याला. “तो गेला तर हिला गणित कोण सांगणार, मॅडम? तुम्ही बोलता का त्यांच्याशी?”

शनिवारी मी गेले. बाप ऐकून घेतोय, अजून हो म्हणालेला नाही.