लिंक नको, जागा सांग

अरे बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, मी जागाच होतो, पण उत्तर दिलं नाही कारण मला आधी स्वतःचीच लाज वाटत होती. शनिवारी रामबागेतल्या बैठकीत तू 'घेई छंद मकरंद' लावलंस, २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' सिनेमातलं, राहुल देशपांडेंचं, आणि ते अर्धं झालं नाही तोच पलंगावरून आवाज आला की "भिया, हे काय लावलं, मूळ वसंतराव देशपांडेंचं लाव ना." सगळे हसले. मीही हसलो. तू चहा न घेताच चपला घातल्यास.

आणि आता विचारतोयस की काका, ओरिजिनल आधी ऐकलं नसेल तर कव्हर आवडणं चुकीचं आहे का, आणि पुढच्या वेळी काय लावू म्हणजे कोणी हसणार नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला माहितीये. दुसरा प्रश्न मला बिलकुल आवडला नाही. कोणी हसणार नाही असं गाणं शोधायला लागलास की संपलंच, मग तू गाणी ऐकणार नाहीस, लोकांची तोंडं बघत बसशील.

तुझी चूक एकच झाली. गाणं लावलंस आणि गप्प बसलास. जागा सांगितली नाहीस, गाण्यात तुझा कान जिथं अडकला ती.

जागा म्हणजे काय ते तुला सांगायला नको, घरात तंबोरा आहे तुमच्या. पण तुमची पिढी (आणि खरं सांगू, आमचीही) एकमेकांना गाणी देते कशी? "हे ऐक, बढिया आहे." बस. तूच मला मागच्या महिन्यात एकशेचाळीस गाण्यांची प्लेलिस्ट पाठवलीस. एकशेचाळीस! मी काय करू त्याचं? लग्नाच्या पंगतीत वाढतात तसं गाणं वाढायचं नसतं रे. एक दे, आणि सांग की दुसऱ्या कडव्यात तो एक शब्द सोडताना जरा थांबतो, तिथं मला काहीतरी झालं. मग मी ते गाणं ऐकेन, नाही आवडलं तरी तुझ्या कानानं ऐकेन. विविध भारतीवरच्या फर्माईशींत गावाचं नाव यायचं, घरातल्या सगळ्यांची नावं यायची, पण हे गाणं का हवंय ते कधी नाही. ती सवय आपल्याला लागली ती लागलीच.

आता ओरिजिनलचं. ज्या 'घेई छंद'वरून तुला हसले त्याची गंमत त्यांनाही माहिती असायला हवी होती. सिनेमा ज्यावरून आला त्या १९६७ च्या नाटकातच ते पद दोनदा आहे, शब्द तेच, चाली दोन, दोन्ही संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या. एक वसंतरावांनी गायलं, एक प्रसाद सावकारांनी. आता सांग ओरिजिनल कुठलं? पलंगावरच्यांना विचार की या दोन्हींतली तुमची आवडती जागा कुठली. सांगता आली तर त्यांच्या पाया पड, नाही आली तर त्यांना हसायचा हक्क नाही. इतकं साधं आहे.

आणि आपण इंदूरवाले ओरिजिनल-नक्कल यावर भांडतो म्हणजे कमालच आहे. इथून देवास चाळीस किलोमीटरही नाही. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तशाच गायचे, लोक तोंडात बोट घालायचे. तोच माणूस क्षयानं आजारी पडून देवासला आला, वर्षानुवर्षं गाणं बंद, पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं ऐकत राहिला, आणि पुढं बालगंधर्वांची पदं गायला घेतली तेव्हा कार्यक्रमाला नाव काय दिलं? 'मला उमजलेले बालगंधर्व'. मला उमजलेले! मला जी जागा दिसली ती अशी, एवढंच म्हणणं. तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. मला कव्हरबद्दल यापुढं एक अक्षर सांगायचं नाही.

पण सांगतोच, कारण मी हे सगळं फार उशिरा शिकलो. ८९-९० ची गोष्ट. माझा एक मित्र होता, पगार झाला की राजवाड्याजवळच्या ठेल्यावरून व्हर्जनच्या कॅसेटी आणायचा. तेव्हाच्या कायद्यानं मूळ रेकॉर्ड एकदा निघालेली असली की नोटीस देऊन, रॉयल्टी भरून तीच गाणी दुसऱ्या आवाजात काढता यायची (आता मूळ गाण्यानंतर पाच वर्षं थांबावं लागतं), म्हणून त्या कॅसेटी स्वस्त मिळायच्या आणि आमच्यासारख्यांना परवडायच्या. तो यायचा, कॅसेट लावायचा, माझ्याकडं बघायचा. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो की ही नक्कल माझ्या घरात वाजणार नाही. तो हसला, कॅसेट काढून खिशात टाकली. येत राहिला, पण गाणं परत कधी आणलं नाही. तेरा वर्षं आला, पोहे खाल्ले, क्रिकेट बोलला, गाणं नाही.

आता तू म्हणशील काका चुकले. अर्धा चुकलो. त्या कॅसेटींतला वाद्यमेळ खरंच पत्र्यासारखा वाजायचा, व्हायोलिनच्या जागी कीबोर्ड, तबला मशीनचा, मी आजही तेच म्हणेन, कान विकले नाहीत मी. पण मी त्याला एकदाही विचारलं नाही की तुला यात जागा कुठली दिसली. एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? तो गेल्यावर त्याच्या बायकोनं दिलेल्या पेटीत त्यातली एक कॅसेट निघाली. ऐकली. तिसऱ्या गाण्यात ती कोण कुठली मुलगी, नाव पण बारीक अक्षरात, अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना श्वास पुरत नाही म्हणून सूर जरासा लवकर सोडते, आणि तो सोडलेला सूर... जाऊ दे. मूळ गाणारीचा श्वास कधीच कमी पडला नसता, म्हणून ती जागा तिथं नाहीच. ते त्याला ऐकू आलं होतं की नाही, आता कोणाला विचारू?

म्हणून चिडतोय तुझ्यावर, समजून घे.

शनिवारी ये, सहाला. तेच गाणं लाव, दुसरं आणलंस तर मी बंद करीन. लावायच्या आधी सांग कुठं कान द्यायचा. पलंगावरून आवाज आला तर मी बघतो. आणि तुझा स्पीकर चार्ज करून आण, आमचा मध्येच खरखरतो. ती कॅसेट मीही आणतोय.

तुझा काका